मांजरांचा डबा

तो गुरुवार अगदी साधा होता. इतका साधा की पुढे अरुणानं त्याचे तपशील आठवायला घेतले तेव्हा हाताला फारसं काही लागलं नाही. पाणी पावणेसहाला आलं आणि साडेसहाला गेलं. नाना म्हणाले, चहात साखर कमी आहे. आई म्हणाली, कमी नाही. तो वाद रोजच्यासारखा तिथंच मिटला. अरुणा दाराशी चपला घालत होती. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात पुस्तक आणि खूण म्हणून पानांत अडकवलेलं बोट.

"येताना शहाजिरं आण ग, पाच तोळे," आई आतून म्हणाली. "मसाल्याचे दिवस आले. आणि बघून घे हं. शहाजिरं म्हणजे—"

"माहीत आहे ग मला."

हे अरुणाचं ठरलेलं वाक्य. ती छत्तीस वर्षांची होती, दादरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि हे वाक्य ती बहुधा वाचायला लागल्या दिवसापासून म्हणत आली होती. त्यामुळे आईची निम्मी वाक्यं आयुष्यभर अर्धीच राहिली. उरलेला अर्धा भाग आई मनात पुरा करत असावी. निदान तिनं कधी तक्रार केली नाही.

संध्याकाळी अरुणा कॉलेजजवळच्या गोटीरामच्या किराणा दुकानात गेली तेव्हा घरी जायची वाशीची बस सुटायला सात मिनिटं होती. गोटीरामनं दोन बरण्या पुढे सरकवल्या. दोन्हींत बारीक, काळं काहीतरी होतं.

"हे देऊ का ते?"

आता, विचारायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण मागे पाच-सहा बायका उभ्या होत्या, आणि चाळीस हजार पुस्तकांतलं हवं ते पुस्तक डोळे मिटून काढून देणाऱ्या बाईनं दोन बियांतला फरक चारचौघींत विचारायचा, हे काही शोभलं नसतं. अरुणानं दोन्ही बरण्यांकडे गंभीरपणे पाहिलं आणि म्हणाली, "ते."

घरी आईनं पुडी सोडली. चिमूटभर तळहातावर घेऊन हुंगलं. जरा जास्तच वेळ हुंगलं. मग म्हणाली, "बरं केलंस आणलंस," आणि फळीकडे वळली. कुठल्याशा डब्याचं झाकण उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. अरुणानं पान उलटलं.

शुक्रवारी सकाळी, पाणी यायच्या आधी, आई अंथरुणात उठून बसली आणि नानांना म्हणाली, जरा पाणी देता का. नाना पाणी घेऊन आले. तेवढ्यात ती गेली होती. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

तेरा दिवस शेजारपाजारच्यांनी जेवण पाठवलं. चौदाव्या दिवशी अरुणानं आमटी केली. डाळ थोडी लागली होती, चिंच जास्त झाली होती. पण आईच्या बरणीतला मसाला तिनं चमचाभर घातला होता. नानांनी एक घास घेतला, थांबले, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा भात मागून घेतला.

"वास तोच आहे," ते म्हणाले.

जेवण झाल्यावर त्यांनी बरणी खिडकीच्या उजेडात धरली. "तीन बोटं उरलाय," ते म्हणाले आणि बरणी अशी जपून जागेवर ठेवली की अरुणाला तिकडे बघवलं नाही.

आईचा हिशेब असा होता की गेल्या वर्षीचा मसाला अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरायचा, तोवर नवा कुटून व्हायचा. माहेर चिपळूणचं, सासर कऱ्हाडचं. त्यामुळे तो मसाला ना धड कोकणातला होता ना घाटावरचा. तो फक्त आईचा होता. कृती कुठेही लिहिलेली नव्हती. अरुणानं कालनिर्णयाच्या पाठी पाहिल्या, नानांच्या पेन्शनच्या फाइलीत पाहिलं, देवाच्या पोथीत पाहिलं. म्हणजे तीन बोटं संपायच्या आत नवा मसाला करायचा आणि तो तोच व्हायला हवा होता. नानांना तिनं सांगितलं, "करू की. त्यात काय? माहीत आहे मला."

रविवारी तिनं फळीवरचे डबे खाली काढले. सोळा सारखे अॅल्युमिनियमचे डबे, एकावरही नाव नाही. आई हात घालायची आणि हवं ते निघायचं. अरुणानं कॉलेजातून कोरी कार्डं आणली आणि जे तिला येत होतं ते केलं. तिनं मसाल्यांची सूची करायला घेतली.

धणे आणि मिरी ओळखू आली. लवंग, दालचिनीही आली. इथपर्यंत काम झपाट्यानं झालं. मग कार्डं अशी होऊ लागली: "डबा क्र. ७. रंग राखाडी-काळा. आकार अनियमित, वाळलेल्या शेवाळासारखा. वास जुन्या पुस्तकाचा. नाव—" आणि पुढे रिकामं. "डबा क्र. ११. पिवळट खडे. वास असह्य. संभाव्य उपयोग: ढेकूण?" हा खडा हिंग होता, आणि ते नानांनी नाकावर पंचा धरून सांगितलं. हिंग अरुणाला डबीतला माहीत होता; तो डबीत जायच्या आधी असा दिसत असेल याचा तिनं विचार केला नव्हता. माणसांचं बालपणही आपण कुठे विचारात घेतो.

"डबा क्र. ९," तिनं लिहिलं, "रिकामा."

आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, सतरावा डबा निघाला. हा वेगळा होता, जुना, बिस्किटांचा. झाकणावर लोकरीच्या गुंड्याशी खेळणारी दोन मांजरं. आत जे होतं ते कार्डावर बसेना. गाठीगाठींच्या मुळ्या होत्या. फुटक्या बोंडांसारखं काही होतं. शेपटीवाली मिरी होती. लांबट, खरखरीत शेंगांसारखं काहीतरी होतं. आणि सगळं एकात एक मिसळलेलं.

"हा होय," नाना म्हणाले. "याला ती कुणाला हात लावू द्यायची नाही."

अरुणा मांजरांकडे बघत राहिली. जिऱ्याच्या डब्यात धण्याचा दाणा पडला तर जी बाई तो वेचून काढायची, ती एवढ्या सगळ्या जिनसा एका डब्यात का मिसळेल? वाचनानं माणसाला तर्कशक्ती येते. तर्क सरळ होता: सोळा डब्यांत जे होतं ते सगळ्यांच्या मसाल्यात असतं. आईचा मसाला आईचा होत होता तो या सतराव्यानं.

पण त्यात होतं काय?

समोरच्या ब्लॉकमधल्या गिरजाकाकू कोल्हापूरच्या. त्यांना अरुणानं सहज म्हणून चहाला बोलावलं, आणि सहज म्हणून डबा पुढे केला.

काकूंनी गाठीची मुळी उचलून हुंगली. "नागरमोथा की हा! शिकेकाईत घालतोय आम्ही."

"हो, माहीत आहे," अरुणा म्हणाली. "फक्त खात्री करत होते."

"केसाला लावायचं मसाल्यात कशाला ठेवलं असंल वैनींनी?"

याचं उत्तर अरुणाला माहीत नव्हतं, म्हणून ती गूढ हसली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या पुतळामावशी रिकामं पातेलं न्यायला आल्या. त्या राजापूरकडच्या. त्यांनी डब्यात बोट घालून बोंडं वर काढली. "नागरमोथा कसला? तिरफळं आहेत ही! बांगड्याच्या तिखल्यात याच्याशिवाय मजा नाही. अरुणा, तुझ्या आईची जीभ कोकणातली हो, शेवटी माहेर ते माहेर."

"तिरफळ मसाल्यात? घरात मासळी शिजत न्हाई त्यांच्या!" काकू म्हणाल्या.

"म्हणून काय आठवण येत नाही?"

"बरं, मग हे?" काकूंनी लांबट शेंग उचलली. "ही पिंपळी. ही खोकल्याला."

"कोणाला खोकला होता?"

दोघींनी नानांकडे पाहिलं. नाना खोकले. ते निव्वळ बघितल्यामुळे खोकले, पण पुरावा म्हणून ते धरलं गेलं.

अर्ध्या तासात डब्यातून सात जिनसा ओळखल्या गेल्या, आणि एकही वाद मिटला नाही. कारण प्रत्येकीनं जे उचललं ते त्यातच होतं. केसांना लावायचं, माशाला घालायचं, खोकल्याला चाटवायचं, बाळंतिणीला द्यायचं. या सगळ्यांतून आमटी कशी होते, ते मात्र कुणालाच सांगता येईना. मग बोलणं मिरच्यांवर आलं. काकूंच्या मते संकेश्वरी. बाकी सगळा कचरा. मावशींच्या मते बेडगी; संकेश्वरी बैलांना. काकूंनी प्रमाण सांगितलं, मावशींनी त्याच्या बरोबर उलट सांगितलं, आणि अरुणानं दोन्ही लिहून घेऊन त्यांची सरासरी काढली. जगात सरासरी काढल्यानं मिटलेले वाद बरेच आहेत. मसाला त्यांत येत नाही, हे तिला नंतर कळलं.

बरणीत अडीच बोटं.

गोटीरामनं विचारलं, "किती माणसांचा मसाला, ताई?"

प्रश्न साधा होता, आणि "दोन" हे त्याचं उत्तर. पण महिन्यापूर्वी ते तीन होतं, आणि "दोन" हा शब्द अरुणाच्या तोंडून काही केल्या बाहेर पडेना. ती म्हणाली, "नेहमीचाच."

"खानावळ वगैरे आहे का?"

"हो," ती म्हणाली, कारण आता काहीतरी म्हणणं भाग होतं.

अशा रीतीनं सहा किलो मिरच्या बसमध्ये चढल्या. सायनला पहिली शिंक आली. मानखुर्दपर्यंत ती साथ मागच्या बाकापर्यंत गेली. कंडक्टर नाकाला रुमाल लावून आला.

"ताई, काय आहे ह्याच्यात?"

"मिरच्या."

"किती?"

"सहा किलो."

"लग्न आहे का कुणाचं?"

"नाही."

"मग हाफ तिकीट काढा. लगेज. माणसं उतरतील आता पुलावर, तुमच्यामुळे."

कुणी उतरलं नाही, कारण पुलाखाली खाडी होती. पण एका गृहस्थांनी तो पर्याय मनात तपासून पाहिला असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. अरुणा पुस्तक उघडून बसली. डोळ्यांतून पाणी येत असल्यामुळे अक्षरं दिसत नव्हती, पण पान मात्र ती वेळच्या वेळी उलटत होती.

मिरच्यांना कडक ऊन द्यायचं तर गच्ची हवी, आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरी नंदकुमार यांच्याकडे. नंदकुमार तळोज्याला एका कारखान्यात होते. तिथे त्यांचं कुणी ऐकत नसे, म्हणून ते सोसायटी चालवत. सोसायटीचं नाव शेवंती सहकारी गृहनिर्माण संस्था, आणि पुढे कंसात 'नियोजित', कारण तिची नोंदणी तीन वर्षं व्हायची होती. तरी रबरी शिक्का होता. त्यातही 'नियोजित' होतं.

"मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ," नंदकुमार म्हणाले. "आईंचं दुःख आम्हाला पण आहे. पण सोसायटी म्हटली की प्रोसिजर आली. गच्ची कॉमन आहे, मिरच्या पर्सनल आहेत. अर्ज द्या."

"कुणाच्या नावे?"

"कमिटीच्या."

"कमिटी कुठे आहे?"

"रजिस्ट्रेशन झालं की होईल ना."

"आणि मिरच्या?"

"तोपर्यंत कशाला वाळतात त्या?" ते म्हणाले, आणि मग आपलं काहीतरी चुकलं असं वाटून, "म्हणजे, वाळलेल्याच असतात ना?"

अरुणानं अर्ज लिहिला. विषय: मिरच्या वाळविण्याबाबत. नंदकुमारांनी तो परत पाठवला, मिरच्यांची संख्या नमूद नाही म्हणून. अरुणानं अर्धा किलो मोजून सहाचा हिशेब केला आणि 'अंदाजे पाच हजार' लिहिलं. अर्ज पुन्हा आला: अंदाजे कोण ठरवणार? शेवटी हंगामी कमिटीची सभा जिन्यात भरली. तीन माणसं, त्यांतले एक नाना. त्यांना मुलीचा प्रश्न असल्यामुळे मतदानाचा अधिकार नव्हता, पण खुर्ची त्यांचीच होती म्हणून त्यांना बसू दिलं. ठराव झाला. मिरच्यांनी टीव्हीच्या अँटेनांना स्पर्श करू नये. रविवारी संध्याकाळी सिनेमा असताना गच्चीवर कुणी चालू नये. आणि पुढे काही झाल्यास सोसायटी (नियोजित) जबाबदार नाही.

यात अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत नाना एकदा म्हणाले, "आज आमटी नको. दहीभातच बरा वाटतो मला." दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले. तिसऱ्या दिवशी अरुणाच्या लक्षात आलं. नानांना दहीभात कधीच आवडत नव्हता. ते बरणी वाचवत होते.

बरणीत एक बोट.

मिरच्या एकदाच्या गच्चीवर पसरल्या, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी खाडीवरून वारा सुटला. वाशी नवं वसलेलं गाव, म्हणून इथला वाराही नवा आहे. घरं कुठे आहेत, ते त्याला अजून नीट ठाऊक नाही. त्यानं पाच हजारांतल्या बऱ्याच मिरच्या चौथ्या मजल्यावरून खाली नेल्या आणि बिया व धूळ वाटेतल्या दोऱ्यांवरच्या कपड्यांत सोडली. त्यांतल्या एका दोरीवर नंदकुमारांची उद्याची पॅन्ट वाळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदकुमार कंपनीच्या बसमध्ये बसले, असं म्हणता येणार नाही. ते बसू शकले नाहीत. दुसऱ्या वळणावरून ते परत आले, झपझप, एका विशिष्ट चालीनं, आणि इमारतीतल्या प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी होतं. संध्याकाळी नोटीस लागली: 'मिरचीजन्य उपद्रवाबाबत.' खाली शिक्का.

अरुणा माफी मागायला गेली. दार नंदकुमारांच्या बायकोनं उघडलं. "ते झोपलेत," ती म्हणाली, आणि हसू दाबत पुढे म्हणाली, "पालथे." मग दाराआडून एक पातेलं पुढे करून हळूच विचारलं, "वहिनींचा मसाला करताय ना? झाला की मला पण चमचाभर द्या. मागच्या वर्षी त्यांनी दिला होता. तुम्हाला येतो ना सगळा?"

"हो," अरुणा म्हणाली. "माहीत आहे मला."

भाजणं बाकी होतं. उपद्रव झालाच तर आपला आपल्याला, असा विचार करून अरुणानं घराची सगळी दारं-खिडक्या लावून मिरच्या भाजल्या. तिच्या वाचनात हा विषय कधी आला नव्हता. दहा मिनिटांत नाना आणि ती जिन्यात येऊन बसले, दोघांचे चेहरे लाल, दोघांच्या डोळ्यांतून धारा. तेरा दिवसांत आणि त्यानंतरच्या इतक्या दिवसांत अरुणा कुणासमोर रडली नव्हती. आता घळाघळा रडत होती, आणि जिन्यानं येणारे-जाणारे विचारत होते, काय झालं. आणि "मिरच्या" असं खरं उत्तर देता येत होतं. ती बराच वेळ जिन्यात बसली. मिरच्यांना लागतो त्याहून जास्त.

नाना तोंड पुसत म्हणाले, "ती भाजायची तेव्हा खिडक्या उघड्या असायच्या."

"मग सांगायचं ना."

"तू म्हणालीस, माहीत आहे."

मसाला कुटायचा डंक वाशीतल्याच जुहूगावात, भागीरथीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मोटरवर चालणारी चार लोखंडी मुसळं आलटूनपालटून वर जात आणि धाडधाड उखळांत पडत. भागीरथी आगरी बाई, साठीची, कमरेला खोचलेलं लुगडं, भुवयांपर्यंत मसाल्यानं लाल. तिचा नियम एकच: ज्याचा मसाला त्यानं उखळापाशी उभं राहायचं, कुठल्या उखळात कुणाचं काय पडलं ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. बाहेर आठ-दहा बायका पिशव्या घेऊन बसल्या होत्या. अरुणानं एक रिक्षा करून सगळं आणलं होतं: गोणीभर मिरच्या, सोळा डबे, मांजरांचा डबा, आणि कार्डांचा गठ्ठा.

भागीरथीनं डबे पाहिले आणि तिचे हात थांबले.

"हे डबे तं मी वलखते. तुमी त्यांची अरुना का?"

अरुणानं मान हलवली.

"आयकला मी. लय वाईट झाला." एवढंच बोलून तिनं गोणीत हात घातला. "ह्या किती मिरच्या हायेत?"

"आणल्या तेव्हा सहा किलो होत्या. काही वाऱ्यानं नेल्या."

"आनी घरान मान्सा किती?"

"दोन," अरुणा म्हणाली.

भागीरथीनं दीड किलो मिरच्या बाजूला काढल्या. "तुमची आय एवऱ्याच आनाची. बाकीच्या बांधून ठेवा. आता डबे द्या एकेक."

अरुणानं कार्डं उघडली. "धणे मी सरासरी—"

"मापाचा काय काम नाय. तुमचे आयेनी सगला मापून भरून ठेवलाय." भागीरथीनं धण्याचा डबा सरळ परातीत पालथा केला. "दर साली असाच. मना सांगाची, भागीरथी, डबा वताचा नि मोकला व्हायाचा."

डब्यामागून डबा रिकामा झाला. दगडफूल (तेच, जुन्या पुस्तकाच्या वासाचं) एका झटक्यात गेलं. महिनाभराची सूची, दोन शेजारणींची भांडणं आणि एक सरासरी, सगळं निकामी झालं. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आई करून गेली होती.

"हा नऊ नंबर रिकामा आहे," अरुणा म्हणाली.

"शाजिऱ्याचा हाय तो. शाजिरा कुटं हाय?"

"आणलं होतं मी. आदल्याच दिवशी. कुठे ठेवलं ते—" आणि मग, विषय बदलावा म्हणून, तिनं मांजरांचा डबा उचलून पुढे केला. "हे आता. हे सगळ्यात महत्त्वाचं."

भागीरथीनं झाकणावरची मांजरं पाहिली आणि हात मागे घेतला.

"ह्यो नाय."

"का?"

"ह्यो तुमचे आयेनी कदी घातला नाय. हितं आनाची, मना दाखवाची नि परत न्याची." ती हसायला लागली, मग आठवून थांबली, मग न राहवून पुन्हा हसली. "ह्यो अरुनाचा डबा, अशी बोलाची."

"माझा?"

"आवं, तुमाला सांगाची ना काय काय आनाला? तुमी दुसराच आनाचे." भागीरथीनं शेपटीवाली मिरी चिमटीत धरली. "सादी मिरी सांगितली, कबाबचिनी आनलीत. नागकेशर सांगितला, नागरमोथा. बडीशेप सांगितली, बालंतशेपा. मी बोलली, पोरीला सांग ना, बदलून आन. तं बोलाची, नको ग. दिवसभर कामाव असते, दमून येते. तिला वाटंल आपल्याला काय कलत नाय. मंग माज्याकडून न्याची काय नसंल ता."

तिनं डबा तिरका केला. सगळं एका बाजूला सरकलं, आणि तळाशी बारीक काळ्या बिया दिसल्या. नव्या, अजून चकचकीत. बाकी सगळ्यावर धूळ होती, यांच्यावर नव्हती.

"ह्यो कांद्याचा बी," भागीरथी म्हणाली. "लोनच्यात घालतान. ह्यो या सालचा असंल."

गोटीरामच्या दोन बरण्या. हे देऊ का ते. चिमूटभर हुंगलेलं, जरा जास्तच वेळ. बरं केलंस आणलंस.

भागीरथीनं मागच्या फळीवरून आपलं मडकं काढलं, ओंजळभर शहाजिरं परातीत टाकलं, परात उखळात रिकामी केली आणि खटका दाबला. मुसळं उठली. शेड थरथरायला लागली. मिरच्या फुटल्या, आणि पहिल्यांदा नुसता तिखटाचा ठसका आला, मग त्यामागून हळूहळू दुसरा वास यायला लागला. धण्याचा, खोबऱ्याचा, त्या जुन्या पुस्तकाचा. अरुणा नियमाप्रमाणे उखळापाशी उभी होती. मांजरांचा डबा तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. वास अंगावर आला आणि तो तोच होता. अगदी तोच. गुरुवारचा.

त्या धडधडाटात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नव्हता. म्हणून अरुणानं तोंड उघडलं. आधी हळू, मग मोठ्यानं, मग मुसळांच्या वर आवाज चढवून ती बोलायला लागली, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. चारही मुसळं जागच्या जागी थांबली. शेडमध्ये इतकी शांतता झाली की बाहेरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"काय बोल्ल्या, ताय?" भागीरथीनं विचारलं.

आता नेहमीप्रमाणे काही नाही, असं म्हणता आलं असतं. दहा बायका बघत होत्या. अरुणानं हातातल्या डब्यावरच्या मांजरांकडे पाहिलं, आणि कुणाकडेही न बघता, पण सगळ्यांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली:

"आई, मला माहीत नाही ग. यातलं काहीच माहीत नाही. शहाजिरं म्हणजे काय ते सांग ना मला."